मोरिया सुटण्यापूर्वीचा एक दिवस

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मार्सेलिसच्या बंदरात मारलेली उडी ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळाच. माळव्यातील मराठी घरांतही ती कथा तीन-चार पिढ्या सांगितली जात आली आहे. या कथेला हेगच्या न्यायालयाचा एक शेवट जोडलेला असतो. प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले आणि निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला, एवढ्या एका वाक्यात तो आटोपतो. निकाल तसा का लागला, फ्रान्ससारख्या बलाढ्य राष्ट्राची बाजू नेमकी कोठे लंगडी पडली, हे सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्या एका वाक्याचाच विस्तार करणार आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. त्या प्रकरणात निर्णायक ठरली ती वेळ. फ्रेंच शिपायाच्या हातून नियमभंग झाला, हे लवादाने स्पष्ट शब्दांत मान्य केले. परंतु मोरिया बोट बंदरात उभी होती तोपर्यंत फ्रेंच वरिष्ठांनी ते कृत्य नाकारले नाही, या गोष्टीला लवादाने वजन दिले. बोट सुटण्याची घटका ही कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली मुदत नव्हती. तीच फ्रान्सने चुकवली आणि तिची किंमत बोटीवरील कैद्याने भरली.

हद्द आणि मुदत

हद्द आणि मुदत हे दोन शब्द आपल्या पूर्वजांना चांगले परिचयाचे होते. होळकर, शिंदे आणि पवार यांच्या मागून माळव्यात आलेली मराठी कुटुंबे अनेक राज्यांच्या सरमिसळीत वाढली. इंदूर होळकरांचे, उज्जैन शिंद्यांचे, धार पवारांचे. देवासात तर थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती. खुद्द इंदुरात शहरावर होळकर सरकारचा अंमल आणि रेसिडेन्सीच्या आवारात इंग्रजांचा. जवळच महूला इंग्रजांची छावणी. मध्य भारतातील संस्थानांवर देखरेख करणारा गव्हर्नर जनरलचा एजंटही इंदुरासच राहत असे.

अशा प्रदेशात एका राज्याचा आरोपी दुसऱ्या राज्याच्या हद्दीत शिरला, की त्याला केवळ पाठलाग करून पकडून आणता येत नसे. मागणीचा कागद जावा लागे, त्याचे उत्तर यावे लागे, मगच माणूस हवाली होई. कागदाविना माणूस परत नेणे हा ज्याच्या हद्दीतून त्याला नेले त्या राज्याचा अवमान समजला जाई. मार्सेलिसच्या धक्क्यावर जो प्रश्न उभा राहिला तो मूळात हाच होता. फरक इतकाच, की येथे हद्द दोन साम्राज्यांमधली होती आणि ती ओलांडणारा तरुण समुद्रातून पोहत आला होता.

समुद्राच्या बाबतीत मुदतीचा प्रश्न अधिकच कडक होतो. जमिनीवरचा वाद वर्षानुवर्षे त्याच जागी पडून राहू शकतो. शेत, घर वा वतन कोठे पळून जात नाही. बोट मात्र उद्या बंदरात नसते. म्हणूनच वादळात सापडलेल्या बोटीच्या कप्तानाने बंदर गाठताच चोवीस तासांच्या आत नोटरीपुढे निवेदन नोंदवावे, असा दर्यावर्दी व्यवहाराचा जुना संकेत आहे. मालाची खराबी उघड दिसत असेल तर माल उचलतानाच लेखी सूचना द्यावी, दिसत नसेल तर तीन दिवसांत द्यावी, आणि दावा लावायचा तर एका वर्षाच्या आत लावावा, असे सागरी मालवाहतुकीचे नियम सांगतात. योगायोग असा की हे नियम १९२१ साली हेग शहरीच आखले गेले व जगभर ‘हेग नियम’ म्हणूनच ओळखले जातात. हिंदुस्थानात ते १९२५ च्या कायद्याने आले. २०२५ साली आपल्या संसदेने त्या जागी नवा कायदा केला, तरी एका वर्षाचे तत्त्व त्यातही राहिले आहे.

या मुदतीची धार किती तीक्ष्ण आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६० सालच्या एका निर्णयावरून कळते. ईस्ट अँड वेस्ट स्टीमशिप कंपनी विरुद्ध रामलिंगम चेट्टियार या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की एका वर्षात दावा लावला नाही तर केवळ कोर्टाचा दरवाजा बंद होतो असे नाही, मूळ हक्कच नाहीसा होतो. समुद्राच्या कायद्यात उशीर हा असा हक्काच्या मुळावर येतो. ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून आता १९१० सालाकडे वळू.

लंडन ते मार्सेलिस

१३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून लंडनला परतताच सावरकरांना व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली. त्यांना हिंदुस्थानात पाठवण्यासाठी १८८१ च्या फरारी आरोपींच्या कायद्याचा आधार घेण्यात आला. हा कायदा ब्रिटिश साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपी नेण्यासाठी होता, आणि त्यात आरोपीच्या बाजूनेही काही मुदती होत्या. मॅजिस्ट्रेटने रवानगीसाठी कोठडीत ठेवण्याचा हुकूम दिल्यावर १५ दिवस त्याला देशाबाहेर नेता येत नसे. त्या अवधीत त्याने हेबियस कॉर्पसचा अर्ज करावा अशी सोय होती. एका महिन्यात रवानगी झाली नाही तर सुटकेसाठी अर्ज करण्याचा हक्कही त्याला होता.

सावरकरांच्या वतीने हे सर्व मार्ग अवलंबिले गेले. बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेटपासून अपील न्यायालयापर्यंत प्रकरण चालले. लंडनमधील कृत्यांबद्दल लंडनमध्येच खटला चालवा, हिंदुस्थानात नेणे अन्यायाचे होईल, हा युक्तिवाद न्यायाधीशांना पटला नाही. जूनच्या अखेरीस गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या हुकुमाने रवानगी पक्की झाली आणि १ जुलै १९१० रोजी पी. अँड ओ. कंपनीची मोरिया बोट सावरकरांना घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघाली. त्यांच्यावर पहाऱ्यासाठी स्कॉटलंड यार्डचे पार्कर, मुंबई पोलिसांतील पॉवर आणि दोन हिंदी शिपाई होते. इंग्लंडमध्ये प्रत्येक पायरीवर कायद्याची रीत पाळली गेली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

बोट मार्सेलिसला बिघाडामुळे अकल्पितपणे थांबली, अशी एक समजूत मराठी वाचकांत रूढ आहे. लवादापुढील कागद तिला दुजोरा देत नाहीत. २९ जून रोजीच, म्हणजे बोट निघण्यापूर्वी दोन दिवस, लंडनच्या पोलीस प्रमुखांनी पॅरिसच्या सुरक्षा खात्याच्या संचालकांना पत्राने कळवले होते की सावरकर नावाचा हिंदी इसम मोरियावर असून ती बोट ७ किंवा ८ जुलैस मार्सेलिसला लागेल. त्यावरून ४ जुलै रोजी फ्रेंच गृहखात्याने त्या जिल्ह्याच्या प्रीफेक्टला, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारख्या अधिकाऱ्याला, तार केली. युरोपात असलेले हिंदी क्रांतिकारक या संधीचा फायदा घेऊन त्यास सोडवण्याचा यत्न करतील, तरी योग्य तो बंदोबस्त ठेवावा, असा तिचा आशय होता. तिकीट नसलेल्या कोणाही हिंदी माणसाला बोटीवर चढू देऊ नये, असा हुकूम बंदरावरील पोलिसांना मिळाला.

पत्रातून फ्रान्सने कशास संमती दिली, हा पुढे वादाचा गाभा ठरला. बाहेरच्यांना बोटीवर येऊ न देणे ही एक गोष्ट. बोटीवरून उतरून फ्रान्सच्या भूमीवर आलेल्या माणसाला धरून परत देणे ही दुसरी. पत्रव्यवहारात पहिलीचा उल्लेख होता. दुसरीचा विचार बहुधा कोणाच्या मनातही आला नव्हता.

चोवीस तास

७ जुलै रोजी मोरिया मार्सेलिसला पोहोचली. फ्रेंच पोलिसांच्या एका अधिकाऱ्याने बोटीवर येऊन पहाऱ्याच्या कामी मदत देऊ केली. दुसऱ्या दिवशी, ८ जुलैस, सकाळी सहा ते सातच्या दरम्यान सावरकर स्नानगृहाच्या गवाक्षातून बाहेर पडले, पोहत धक्क्याला लागले आणि धावू लागले. आपल्याकडील चित्रांत ही उडी बहुधा खवळलेल्या भर समुद्रात दाखवलेली असते. प्रत्यक्षात बोट बंदरात उभी होती आणि पोहण्याचे अंतर लहान होते. यामुळे त्या साहसाचे मोल तसूभरही कमी होत नाही. उलट असे दिसते, की सावरकरांचा भरवसा बाहुबळापेक्षा कायद्याच्या एका तत्त्वावर अधिक होता. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवला की इंग्रजांचा अंमल संपला, हे ते तत्त्व. लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास पुरा केलेल्या माणसाने केलेली ही उडी होती. तिच्यामागे हद्दीचा पक्का हिशेब होता.

धक्क्यावर त्यांना धरणारा मनुष्य फ्रेंच सागरी पोलिसांतील ब्रिगेडियर होता. ब्रिगेडियर हा शब्द वाचून कोणी सेनाधिकारी डोळ्यांपुढे आणू नये. फ्रेंच पोलिसांत हे पद आपल्या हवालदाराच्या जवळपासचे आहे. पेस्किए नावाच्या या हवालदाराने पळणाऱ्यास धरले आणि बोटीवरून उतरलेल्या तिघांच्या मदतीने पुन्हा बोटीवर नेऊन सोडले. मॅजिस्ट्रेटपुढे नेणे नाही, चौकीत नोंद नाही, प्रत्यर्पणाचा अर्ज नाही, हुकूम नाही. ज्या माणसाच्या रवानगीसाठी इंग्लंडमध्ये साडेतीन महिने न्यायालये खपली, त्याला फ्रान्सच्या भूमीवरून काही मिनिटांत परत करण्यात आले. नियमभंग म्हणतात तो हा.

सावरकरांचे स्नेही मादाम कामा व व्ही. व्ही. एस. अय्यर त्यांना सोडवण्यासाठी मार्सेलिसला निघाले होते, पण पोहोचण्यास त्यांना उशीर झाला, असे चरित्रकार सांगतात. ती चुकामूक सर्वांस ठाऊक आहे. आमच्या मते त्या दिवशीचा अधिक महत्त्वाचा उशीर दुसराच होता आणि तो सरकारी कचेऱ्यांत घडला.

८ तारखेची सकाळ गेली, दुपार गेली, रात्र गेली. मोरिया बंदरातच होती. फ्रान्सचा एक पोलीस कर्मचारी परदेशी बोटीवरील कैद्याला फ्रान्सच्या भूमीवर धरून परत देतो, ही गोष्ट बंदरावर लपून राहणारी नव्हती. त्या संपूर्ण दिवसात कोणीही फ्रेंच अधिकारी बोटीवर येऊन ‘हे कृत्य आमच्या हुकुमाने झालेले नाही, या माणसाला आमच्या ताब्यात द्या, मग काय ते पाहू’ असे म्हणाला नाही. ९ जुलै रोजी मोरियाने नांगर उचलला. त्याच ९ जुलैला पॅरिसच्या सुरक्षा संचालकांनी लंडनच्या २९ जूनच्या पत्राला उत्तर लिहिले. मार्सेलिस येथे सावरकर बोटीवर असताना काही अनुचित प्रकार घडू नये म्हणून आवश्यक त्या सूचना दिल्या आहेत, असे त्यात होते. घडायचे ते आदल्या दिवशी घडून गेले होते आणि पत्रात त्याविषयी अवाक्षर नव्हते.

पुढे बातमी फुटली. ज्याँ जोरेस यांच्या ‘ल्युमानिते’ या पत्राने व समाजवाद्यांनी आवाज उठवला. त्याच महिन्यात फ्रेंच सरकारने इंग्लंडकडे सावरकरांना परत देण्याची मागणी केली. परंतु आता बोट गेलेली होती. २२ जुलैस सावरकर मुंबईच्या भूमीवर उतरवले गेले.

दोन दिनदर्शिका

येथून पुढे हे प्रकरण एकाच वेळी दोन न्यायासनांपुढे चालले आणि दोहोंच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे त्यातील विसंगती डोळ्यांत भरते.

मुंबईत १९०८ च्या फौजदारी दुरुस्ती कायद्यान्वये तीन न्यायमूर्तींचे विशेष न्यायालय नेमण्यात आले. या न्यायालयात ज्यूरी नव्हती आणि त्याच्या निकालावर अपीलही नव्हते. नाशिक कटाच्या खटल्याचे कामकाज १५ सप्टेंबर १९१० रोजी सुरू झाले. फ्रान्स व इंग्लंड यांच्यात वाद लवादाकडे सोपवण्याचा करार झाला तो त्यानंतर, २५ ऑक्टोबरला. या करारात मुदती काटेकोर होत्या. दोन्ही सरकारांनी आपापली कैफियत ६ डिसेंबर १९१० रोजी दाखल करावी, प्रतिकैफियत ६ जानेवारी १९११ रोजी, प्रत्युत्तर २० जानेवारी रोजी. आणि १४ फेब्रुवारीस न्यायाधिकरणाने हेग येथे बसावे. दोन्ही सरकारांनी कागद वेळेवर दाखल केले. या टप्प्यावर कोणाचीही तारीख चुकली नाही.

मुंबईच्या न्यायालयाने मात्र हेगची वाट पाहिली नाही. डिसेंबरच्या अखेरीस, म्हणजे हेगला कैफियती पोहोचल्या होत्या पण प्रतिकैफियती यायच्या होत्या, तेव्हा सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची व मालमत्ताजप्तीची शिक्षा झाली. ३० जानेवारी १९११ रोजी, प्रत्युत्तरे दाखल होऊन दहा दिवस झाले असताना आणि सुनावणीस पंधरवडा उरला असताना, जॅक्सनवधास साहाय्य केल्याच्या आरोपावरून दुसरी जन्मठेप झाली. या माणसाला इंग्लंडने ताब्यात ठेवावे की नाही, हा प्रश्न एका न्यायासनापुढे अनिर्णित असताना दुसऱ्याने त्याच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब दोनदा पुरा केला.

आणखी एक गोष्ट. हेगचा वाद फ्रान्स आणि इंग्लंड या दोन राज्यांमधला होता. ज्याच्या देहाविषयी तो चालला होता त्या माणसाला तेथे बाजू मांडण्याचा अधिकारच नव्हता. तत्कालीन आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने मार्सेलिसला अपराध घडलाच असेल तर तो फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा. सावरकरांचे स्वातंत्र्य हे त्या वादातील एक वस्तू होते, पक्षकार नव्हे.

हेगचा निवाडा

न्यायाधिकरणाचे पाच सदस्य होते. अध्यक्षस्थानी बेल्जियमचे माजी पंतप्रधान बीरनार्ट, ज्यांना १९०९ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. फ्रान्सचे लुई रनो, तेही १९०७ च्या त्याच पारितोषिकाचे मानकरी. इंग्लंडचे अर्ल ऑफ डेसार्ट, नॉर्वेचे ग्राम आणि हॉलंडचे सावोर्निन लोमान. हेगचा प्रसिद्ध शांतिप्रासाद तेव्हा बांधून पुरा झालेला नव्हता. तो १९१३ साली उघडला. १४ फेब्रुवारीस बैठक भरली आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा झाला. सारे दहा दिवसांत आटोपले.

निवाड्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. लवादाने प्रथम म्हटले, की येथे कपट वा बळजबरी करून परक्या भूमीवरून माणूस पळवलेला नाही; सर्व संबंधितांनी सद्‌भावनेनेच वर्तन केले. ब्रिगेडियरला सावरकर बोटीवर आहेत हे ठाऊक असावे. आणि मग तो कळीचा मुद्दा येतो. ब्रिगेडियरचे कृत्य त्याच्या वरिष्ठांनी ९ जुलैच्या सकाळपूर्वी, म्हणजे मोरिया मार्सेलिसहून सुटण्यापूर्वी, नाकारले नाही. त्यामुळे त्याने हुकुमाप्रमाणेच वर्तन केले, किंवा निदान त्याचे वर्तन वरिष्ठांस मान्य आहे, असे इंग्रज पोलिसांना वाटणे स्वाभाविक होते.

शेवटी लवादाने सांगितले, की सावरकरांची अटक व त्यांना इंग्रज पोलिसांच्या हवाली करणे यांत अनियमितता घडली हे खरे. तथापि परक्या राज्याच्या कर्मचाऱ्याने केलेल्या चुकीमुळे, ज्याच्या ताब्यात कैदी आहे त्या राज्याने तो परत करावा, असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा कोणताही नियम नाही. चूक मान्य, उपाय अमान्य.

एक कायदेशीर दस्तऐवज म्हणून या निवाड्यात तर्क आहे हे नाकारता येत नाही. तो तर्क कोणाच्या अंगावर कोसळला ते मात्र पाहिले पाहिजे. व्यवहारात मौनाला संमती समजतात, पण ते ज्याने बोलायला हवे होते त्याचे मौन असते आणि परिणामही त्यानेच भोगायचा असतो. येथे मौन फ्रेंच अधिकाऱ्यांचे आणि शिक्षा सावरकरांची. धक्क्यावर ज्याने बोलण्याचा प्रयत्न केला त्याची भाषा शिपायाला कळली नाही, आणि ज्यांची भाषा कळली असती ते दिवसभर बोलले नाहीत.

याच ठिकाणी आणखी एका समजुतीचा उलगडा करणे उचित होईल. या प्रकरणामुळे फ्रान्सचे पंतप्रधान ब्रियाँ यांना पद सोडावे लागले, असे आपल्याकडे अनेकदा लिहिले जाते. निवाड्यानंतर थोड्याच दिवसांत ब्रियाँ यांचे मंत्रिमंडळ गेले हे खरे, परंतु त्याची कारणे फ्रान्सच्या अंतर्गत राजकारणात होती. तारखा जवळ आल्या म्हणजे कार्यकारणभाव जुळला असे होत नाही.

मुंबईचे न्यायासन आणि इंदूर

मुंबईच्या विशेष न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती सर बेसिल स्कॉट, न्यायमूर्ती हीटन आणि न्यायमूर्ती सर नारायण गणेश चंदावरकर हे तिघे होते. यांतील चंदावरकर हे नाव इंदूरच्या जुन्या घरांना परके नाही. प्रार्थना समाजाचे पुढारी, १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, १९०१ पासून उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असलेले हे गृहस्थ न्यायासनावरून उतरल्यावर काही काळ होळकर संस्थानचे दिवाण होते. ज्या संस्थानच्या चहूबाजूंनी हद्दीच हद्दी होत्या, तेथे कारभार पाहण्यापूर्वी त्यांनी हद्दीच्या एका फार मोठ्या प्रश्नाचा निर्णय करणाऱ्या पीठावर काम केले होते.

त्या पीठापुढे सावरकरांतर्फे आक्षेप घेण्यात आला होता, की त्यांना फ्रान्समधून बेकायदा आणले असल्याने या न्यायालयास त्यांचा खटला चालवण्याचा अधिकार नाही. न्यायालयाने तो फेटाळला. आरोपी देशात हजर आहे आणि त्याच्यावर दंड विधानाखालील आरोप आहे, एवढे पुरेसे. तो परदेशातून कोणत्या रीतीने आणला गेला याची चौकशी आरोपीच्या सांगण्यावरून न्यायालय करणार नाही, असा त्या निर्णयाचा अर्थ. इंग्लंडमधील जुने निवाडे याच मताचे होते. एका सुधारकाच्या सहभागाने झालेला हा निर्णय आज वाचताना मन खट्टू होते, तरी त्या काळच्या कायद्याच्या चौकटीबाहेरचा तो नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

निर्णयाचे पुढील आयुष्य

स्वातंत्र्यानंतर सावरकर खटल्यातील हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आले, आणि तेही एका बोटीच्या निमित्ताने. १९५१ च्या सुमारास गोव्यात तांदळाची टंचाई होती. कराचीतून बोटीने तांदूळ पाठवतो असे सांगून तेथील मुबारक अली या व्यापाऱ्याने गोव्याच्या एका पेढीकडून मुंबईत पाच लाखांहून अधिक रुपये उकळले. तांदूळ कधी आलाच नाही. आरोपी इंग्लंडमध्ये होता. दुसऱ्या गुन्ह्याच्या संदर्भात त्याला भारतात आणले गेले आणि खटला मात्र या गुन्ह्याबद्दल चालला. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. अटकेतील अनियमिततेमुळे खटला रद्द होत नाही, यासाठी सावरकर प्रकरणाचा दाखला तेथे विचारात घेतला गेला. देशभक्ताविरुद्ध वापरलेला नियम स्वतंत्र देशात ठकास शिक्षा देण्याच्या कामी आला. कायद्याच्या तत्त्वाला स्वतःची निष्ठा नसते.

जगातही हा नियम दीर्घकाळ टिकला. १९६० साली अर्जेंटिनातून पळवून आणलेल्या आइकमनवर इस्रायलमध्ये खटला चालला, तेव्हा आणण्याची रीत आड आली नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली मेक्सिकोतून पळवून आणलेल्या एका डॉक्टरविषयी तसाच निर्णय दिला. पण वारा फिरूही लागला होता. दक्षिण आफ्रिकेच्या अपील न्यायालयाने १९९१ साली, आणि खुद्द इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९३ साली बेनेट प्रकरणात, वेगळा मार्ग धरला. प्रत्यर्पणाची रीत डावलून माणूस आणला असेल तर न्यायालय डोळे झाकून बसणार नाही, खटला थांबवण्याचा अधिकार त्यास आहे, असे लॉर्ड्सनी म्हटले. मार्सेलिसनंतर ८३ वर्षांनी, ज्या राज्याच्या पोलिसांनी सावरकरांना नेले त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने सावरकरांच्या आक्षेपाचे मर्म मान्य केले. सावरकर १९६६ सालीच निवर्तले होते.

बंदरातून निघून गेलेल्या बोटीबाबत कायदा नेहमीच हतबल असतो असे मात्र नाही. ८ फेब्रुवारी १९८४ रोजी एलिझाबेथ नावाची परदेशी बोट गोव्याच्या मुरगाव बंदरातून मालाची भरणपावती न देताच निघून गेली आणि परमुलखी तिने मूळ व्यापाऱ्याच्या सांगण्याविरुद्ध माल घेणाऱ्याच्या स्वाधीन केला. तीच बोट १३ एप्रिलला विशाखापट्टणमला लागताच बोटीलाच अटक करण्यात आली. आमच्या न्यायालयांना असा अधिकार नाही, हे बोटवाल्यांचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली अमान्य केले. मुरगावच्या व्यापाऱ्याचे दैव असे, की त्याची बोट पुन्हा भारताच्या किनाऱ्याला लागली. मोरियावरील कैद्याला परतीचे मार्सेलिस लाभले नाही. ४ जुलै १९११ रोजी, त्या उडीला वर्ष पुरे होण्यास चार दिवस उरले असताना, ते अंदमानात दाखल झाले.

सावरकरांच्या उडीने आपल्याला धैर्य शिकवले, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. तिच्यानंतरच्या चोवीस तासांचा धडा तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो अधिकाराच्या जागी बसणाऱ्यांसाठी आहे. आपल्या हाताखालच्या माणसाने रीत मोडली, तर ते सांगण्याची वेळ बोट बंदरात असेतोच असते. ती टळली की मोठे राष्ट्र, नामांकित वकील, पाच देशांचे विद्वान आणि वेळेवर दाखल झालेले सर्व कागद मिळूनही तो एक दिवस परत आणू शकत नाहीत. मार्सेलिसच्या कचेरीतून त्या दिवशी चार ओळींची एक चिठ्ठी धक्क्यावर गेली असती, तर अंदमानच्या कोठडीचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.